आतड्याच्या ऑपरेशननंतर गुंतागुंत का होते? धोका कुणाला जास्त असतो आणि तो कमी कसा करता येतो?

४ जुलै २०२१ रोजी रोमच्या जेमेली रुग्णालयात पोप फ्रान्सिस यांच्या मोठ्या आतड्याचा एक भाग ऑपरेशन करून काढण्यात आला. तेव्हा त्यांचं वय ८४ होतं. तरुणपणीच त्यांच्या एका फुफ्फुसाचा काही भाग काढावा लागला होता. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी त्यांना ताप आला. तपासण्या झाल्या, ताप उतरला आणि दहाव्या दिवशी त्यांना घरी सोडलं. पण जून २०२३ मध्ये ते पुन्हा त्याच रुग्णालयात दाखल झाले. या वेळी जुन्या ऑपरेशनच्या जागी झालेल्या हर्नियाचं ऑपरेशन करावं लागलं.

म्हणजे वय ८४ असूनही माणूस मोठ्या ऑपरेशनमधून सुखरूप बाहेर येऊ शकतो. आणि सगळं नीट झालं असं वाटल्यावरही दोन वर्षांनी त्याचा परिणाम समोर येऊ शकतो.

आपल्या घरात कुणाचं आतड्याचं ऑपरेशन ठरलं की सहसा दोन प्रश्न विचारले जातात. सर्जन चांगला आहे ना? आणि खर्च किती येईल? तिसरा प्रश्न मात्र राहून जातो. आमच्या पेशंटला गुंतागुंतीचा धोका किती आहे आणि तो आत्तापासून कमी करता येईल का?

ऑपरेशन ठरवून होणार असेल, तर बऱ्याच पेशंटच्या बाबतीत याचं उत्तर 'हो' असं आहे. ते कसं, हे समजून घेऊया.

आतड्याच्या ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात?

आपलं लहान आतडं साधारण ६ मीटर आणि मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग म्हणजे गुदाशय. कॅन्सर, आतड्याला पडलेला पीळ किंवा अडथळा, क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिससारखे आजार अशा कारणांनी आतड्याचा खराब झालेला भाग काढावा लागतो. आपल्याकडे यात आतड्याचा टीबी आणि टायफॉइडमुळे आतड्याला पडलेलं भोक ही कारणंही असतात.

खराब भाग काढल्यावर उरलेली दोन टोकं टाक्यांनी किंवा स्टेपलरनं जोडतात. हा जोड भरून यायला तीन गोष्टी लागतात. दोन्ही टोकांना चांगला रक्तपुरवठा हवा, जोडावर ताण नको आणि शरीरात जखम भरून काढण्याची ताकद हवी. पुढे जे धोके आपण बघणार आहोत, त्यातले बरेचसे या तीनपैकी कशावर तरी घाला घालतात.

कधी कधी टोकं लगेच जोडण्याऐवजी आतड्याचं तोंड पोटावर आणतात आणि तिथे पिशवी लावतात. याला स्टोमा म्हणतात. तो काही महिन्यांपुरता असू शकतो किंवा कायमचा.

कोणत्या गुंतागुंती होऊ शकतात?

जोडातून गळती. डॉक्टरांना सगळ्यात जास्त काळजी असते ती हिची. जोड नीट भरला नाही, तर आतड्यातला मळ आणि जंतू पोटाच्या पोकळीत पसरतात. वेळेत लक्षात आलं नाही तर जीवावर बेततं. लहान आतड्याच्या जोडात हे प्रमाण कमी असतं. मोठ्या आतड्याच्या जोडात ढोबळमानाने १०० पैकी ३ ते ८ जणांना गळती होते. गुदाशयात अगदी खाली जोड केला असेल तर हा आकडा १० च्या पुढेही जातो.

जखमेत इन्फेक्शन. आतड्यात मुळातच कोट्यवधी जंतू असतात, त्यामुळे हा धोका इतर अनेक ऑपरेशनपेक्षा जास्त असतो. २०१८ साली 'लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस'मध्ये ६६ देशांतल्या १२,५३९ पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पोटाच्या ऑपरेशननंतर मानव विकास निर्देशांकात वरच्या देशांमध्ये ९.४ टक्के, मधल्या देशांमध्ये १४ टक्के आणि खालच्या देशांमध्ये २३.२ टक्के पेशंटना जखमेत इन्फेक्शन झालं होतं.

आतडं सुस्त पडणं. ऑपरेशननंतर आतड्याची हालचाल काही काळ मंदावते. मोठं आतडं पूर्ववत व्हायला साधारण तीन ते पाच दिवस लागतात. त्यापुढेही पोट फुगलेलं राहिलं, उलट्या होत राहिल्या आणि गॅस सरत नसला तर ती गुंतागुंत मानतात.

आतड्याबाहेरच्या अडचणी. न्यूमोनिया, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होणं, लघवीचं इन्फेक्शन, हृदयावर ताण, म्हाताऱ्या माणसांमध्ये अचानक भ्रमिष्टासारखं वागणं.

उशिरा दिसणारे परिणाम. टाक्यांच्या जागी हर्निया होणं आणि आतडी एकमेकांना चिकटून पुढे कधीतरी अडथळा येणं. या गोष्टी काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही होतात.

बदलता न येणारे धोके

वय आणि अशक्तपणा. वय वाढतं तसा धोका वाढतो. पण नुसत्या वयापेक्षा माणूस किती खमका आहे, हे जास्त महत्त्वाचं. रोज शेतावर चालत जाणारे ७८ वर्षांचे आजोबा ६० वर्षांच्या अशक्त माणसापेक्षा ऑपरेशन चांगलं सोसू शकतात. म्हणूनच भूलतज्ज्ञ विचारतात, "न थांबता दोन जिने चढता येतात का?" या साध्या प्रश्नातून हृदय आणि फुफ्फुसांची ताकद समजते.

आधीचे आजार. हृदयविकार, किडनीचा आजार, दमा किंवा फुफ्फुसाचा जुना आजार असेल तर धोका वाढतो. भूलतज्ज्ञ पेशंटला 'एएसए' नावाची श्रेणी देतात. १ म्हणजे धडधाकट माणूस, ३ म्हणजे गंभीर आजार असलेला. श्रेणी ३ किंवा त्यापुढची असेल तर जास्त तयारी लागते.

पुरुष असणं. ऐकायला विचित्र वाटेल, पण गुदाशयाच्या ऑपरेशनमध्ये हे खरं आहे. पुरुषांचं कटिर अरुंद असतं. तिथे खोलवर काम करणं आणि नीट जोड देणं अवघड जातं.

जोड किती खाली आहे. गुदद्वाराच्या जितका जवळ, तितका गळतीचा धोका जास्त. कॅन्सरसाठी आधी त्या भागाला रेडिएशन दिलं असेल तर त्यात भर पडते. अशा वेळी सर्जन तात्पुरती पिशवी लावायचा सल्ला देतात. स्वीडनमधल्या २१ रुग्णालयांत २३४ पेशंटवर झालेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. पिशवी लावलेल्यांपैकी १०.३ टक्के लोकांना त्रासदायक गळती झाली, पिशवी न लावलेल्यांमध्ये हे प्रमाण २८ टक्के होतं. पिशवी म्हटलं की घरातले हादरतात, 'काहीतरी बिघडलं' असं समजतात. प्रत्यक्षात ती अनेकदा जोडाला सावकाश भरून येऊ देण्यासाठी असते.

इमर्जन्सी हा सगळ्यात मोठा धोका

तेच आतडं, तोच सर्जन, पण ऑपरेशन ठरवून केलं की मध्यरात्री धावपळीत, यानं खूप फरक पडतो. आतडं फुटलेलं असेल किंवा अडथळ्यामुळे फुगलेलं असेल तर आतड्याची भिंत सुजलेली असते, पोटात जंतू पसरलेले असतात, रक्तदाब घसरलेला असतो. ब्रिटनमध्ये इमर्जन्सीत पोट उघडून केलेल्या मोठ्या ऑपरेशननंतर ३० दिवसांत साधारण १०० पैकी ९ पेशंट दगावतात. ठरवून केलेल्या आतड्याच्या ऑपरेशनमध्ये हे प्रमाण याच्या काही पटींनी कमी असतं.

यातला एक भाग आपल्या हातात आहे. पोट फुगलंय, उलट्या होतायत, शौचाला नाही आणि गॅसही सरत नाही, अशा वेळी 'गॅस झाला असेल' म्हणून दोन दिवस घरी काढू नका. एरंडेल किंवा जुलाबाचं औषध तर अजिबात देऊ नका. आतड्यात अडथळा असेल तर जुलाबाच्या औषधानं आतडं फुटू शकतं. तसंच शौचावाटे रक्त जाणं 'मूळव्याध असेल' म्हणून महिनोन्‌महिने अंगावर काढू नका. कॅन्सर लवकर सापडला तर ऑपरेशन ठरवून होतं. उशिरा सापडला तर ते अडथळा येऊन रात्रीत करायची वेळ येऊ शकते.

बदलता येणारे धोके: हातातले चार आठवडे

ऑपरेशन ठरल्यापासून ते होईपर्यंत तपासण्या, रिपोर्ट, पैशांची जुळवाजुळव यात सहसा दोन ते चार आठवडे जातात. हा वेळ वाया घालवू नका.

सिगारेट, बिडी आणि तंबाखू. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात. सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा घेतो. थोडक्यात, जोडाला हवं असलेलं रक्त आणि ऑक्सिजन दोन्ही कमी पडतात. ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी धूम्रपान सोडलं तर गुंतागुंत कमी होते, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली स्पष्ट सांगितलं. तंबाखू, गुटखा किंवा मशेरी वापरणारे बरेच जण डॉक्टरांना 'मी सिगारेट ओढत नाही' एवढंच सांगतात. निकोटिन त्यातही असतं. तेही सांगा आणि तेही सोडा.

दारू. रोज पिणाऱ्यांमध्ये इन्फेक्शन, रक्तस्राव आणि जोड न भरण्याचा धोका जास्त असतो. चार आठवडे आधी थांबवणं चांगलं. मात्र रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर थरथर, भ्रम, फिट्स असा त्रास होऊ शकतो. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी.

रक्त कमी असणं. हिमोग्लोबिन पुरुषांमध्ये १३ आणि स्त्रियांमध्ये १२ पेक्षा कमी असेल तर त्याला ॲनिमिया म्हणतात. आतड्याच्या कॅन्सरमध्ये रक्त थोडं थोडं झिरपत असतं, त्यामुळे असे पेशंट खूप दिसतात. ऑपरेशनच्या दिवशी रक्ताची बाटली लावण्यापेक्षा आधीच लोह भरून काढणं चांगलं. गोळ्यांनी भागत नसेल किंवा वेळ कमी असेल तर शिरेतून लोहाचं इंजेक्शन देतात. हा प्रश्न डॉक्टरांना नक्की विचारा.

पोषण. गेल्या काही महिन्यांत वजन झपाट्यानं उतरलंय? जेवण निम्म्यावर आलंय? रक्तातलं अल्ब्युमिन ३.५ पेक्षा कमी असणं ही धोक्याची खूण मानतात. जोड भरायला प्रथिनं लागतात. पेज आणि साबुदाण्याच्या खिचडीवर ती मिळत नाहीत. अंडी, मासे, दही, पनीर, मऊ शिजवलेली डाळ किंवा डॉक्टरांनी सांगितलेली प्रोटीन पावडर यातून ती भरून काढता येतात. आतड्यात अडथळा असेल किंवा किडनीचा आजार असेल तर आहारतज्ज्ञाला विचारूनच ठरवा.

डायबेटिस. साखर जास्त असेल तर जखम सावकाश भरते आणि जंतूंना फावतं. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी ८.५ च्या वर असेल तर, ऑपरेशन तातडीचं नसल्यास, आधी साखर आटोक्यात आणण्याकडे डॉक्टरांचा कल असतो.

वजन. पोटात चरबी जास्त असेल तर ऑपरेशनला वेळ जास्त लागतो, जोडावर ताण येऊ शकतो, जखमेत इन्फेक्शन आणि पुढे हर्नियाची शक्यता वाढते. पण कॅन्सरच्या पेशंटनं ऑपरेशनच्या तोंडावर उपाशी राहून वजन उतरवू नये. त्यात चरबीआधी स्नायू जातात.

औषधं. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड जोड भरण्यात अडथळा आणतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. यातलं काहीही स्वतःहून बंद करू नका. स्टेरॉइड अचानक थांबवणं जीवघेणं ठरू शकतं. घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी करा. त्यात आयुर्वेदिक चूर्ण, काढे आणि दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही लिहा.

चालणं आणि श्वासाचा व्यायाम. रोज दमेल इतपत चाला. तीन बॉल असलेलं श्वासाचं उपकरण सहसा ऑपरेशननंतर हातात मिळतं. ते आधीच आणून सराव करा.

या सगळ्याचा एकत्रित फायदा होतो का? २०२३ साली 'जामा सर्जरी'त प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरच्या २५१ पेशंटचे दोन गट केले होते. एका गटाला ऑपरेशनआधी चार आठवडे व्यायाम, जादा प्रथिनं, मानसिक आधार आणि सिगारेट सोडायला मदत दिली. त्यांच्यात गंभीर गुंतागुंत १७.१ टक्के लोकांना झाली, नेहमीच्या पद्धतीनं ऑपरेशन झालेल्यांमध्ये २९.७ टक्के लोकांना.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. तयारीच्या नावाखाली कॅन्सरचं ऑपरेशन स्वतःहून पुढे ढकलू नका. तारीख सर्जनच ठरवतील. तोपर्यंत मिळालेले दिवस वापरायचे.

ऑपरेशन थिएटरमधले धोके

ऑपरेशन लांबणं, जास्त रक्त जाणं, शरीर थंड पडणं आणि पोटात मळ सांडणं यामुळे धोका वाढतो. हे आपल्या हातात नसतं. पण चांगली टीम साध्या वाटणाऱ्या गोष्टी काटेकोर करते. जखम करण्याआधी योग्य वेळी अँटिबायोटिक देणं, पेशंटला उबदार ठेवणं, ऑपरेशनच्या आधी आणि नंतर चेकलिस्ट वाचणं.

या चेकलिस्टची चाचणी आठ शहरांत झाली, त्यात नवी दिल्लीही होतं. २००९ साली आलेल्या निष्कर्षांनुसार चेकलिस्ट वापरायला लागल्यावर मोठ्या गुंतागुंती ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आणि मृत्यू १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आले. २०२२ साली भारतासह सात देशांत १३ हजारांहून जास्त पेशंटवर आणखी एक अभ्यास झाला. पोट बंद करण्याआधी हातमोजे आणि हत्यारं बदलली तर जखमेतलं इन्फेक्शन १८.९ वरून १६ टक्क्यांवर आलं.

ऑपरेशननंतर नातेवाइकांनी काय करावं?

'टाके ओढतील, पडून राहा' हा आपल्याकडचा आवडता सल्ला आहे आणि तो चुकीचा आहे. डॉक्टरांची परवानगी मिळताच, बहुतेकदा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी, पेशंटला उठवून बसवा, चालवा. त्यामुळे फुफ्फुसं मोकळी राहतात आणि पायात गुठळी होण्याचा धोका कमी होतो. खोकताना पोटावर उशी धरली की दुखणं कमी होतं. खाणंपिणं मात्र डॉक्टर सांगतील तेव्हा आणि तेवढंच. भेटायला येणाऱ्यांची गर्दी टाळा आणि पेशंटला हात लावण्याआधी स्वतःचे हात धुवा.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

गळती बऱ्याचदा पहिल्या पाच ते आठ दिवसांत लक्षात येते. पण हल्ली पेशंटला लवकर घरी सोडतात. त्यामुळे ती घरी गेल्यावर, कधी कधी दोन आठवड्यांनंतरही समोर येऊ शकते. खाली दिलेलं काहीही दिसलं तर ऑपरेशन केलेल्या रुग्णालयाला लगेच कळवा, प्रकृती ढासळत असेल तर १०८ ला फोन करा.

• पोटदुखी कमी होण्याऐवजी वाढत जाणं
• ताप किंवा हुडहुडी
• विश्रांती घेतानाही नाडी जलद चालणं, धाप लागणं
• पोट फुगणं, उलट्या, आधी सरत असलेला गॅस पुन्हा बंद होणं
• जखमेतून पू, मळासारखं पाणी किंवा घाण वास
• एका पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा अचानक छातीत दुखणं
• लघवी फार कमी होणं
• वयस्क माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागणं

म्हाताऱ्या किंवा स्टेरॉइड घेणाऱ्या पेशंटला गळती होऊनही ताप येईलच असं नाही. 'आज काहीतरी वेगळंच वाटतंय' असं रात्रंदिवस सोबत असलेल्या माणसाला वाटलं, तर तेही डॉक्टरांना सांगा. संशय आल्यास डॉक्टर रक्तातली सीआरपी चाचणी आणि सीटी स्कॅन करतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सीआरपी दीडशेच्या वर असेल तर ते अधिक सावध होतात.

लहान आतड्याची पिशवी असेल तर आणखी एक काळजी घ्या. पिशवीतून दिवसाला दीड लिटरपेक्षा जास्त पाणी जात असेल तर शरीर कोरडं पडून किडनीला इजा होऊ शकते. अशा वेळी नुसतं साधं पाणी पीत राहिल्यानं पिशवीतून जाणारं पाणी वाढतं. ओआरएस घ्या आणि डॉक्टरांशी बोला.

ऑपरेशनआधी डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

१. आमच्या पेशंटला गळतीचा आणि इन्फेक्शनचा धोका साधारण किती आहे, आणि कशामुळे?
२. हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन आणि एचबीए१सी किती आहे? ते सुधारायला वेळ आहे का?
३. पिशवी लागण्याची शक्यता आहे का? लागली तर किती दिवस?
४. अशी ऑपरेशन्स तुम्ही आणि हे रुग्णालय नियमित करता का? रात्री काही झालं तर आयसीयू आणि सीटी स्कॅन इथेच मिळेल का?
५. किती वाजेपर्यंत पाणी पिता येईल? (आतड्यात अडथळा नसेल तर अनेक ठिकाणी दोन तास आधीपर्यंत साधं पाणी चालतं. पण तुमच्या भूलतज्ज्ञाचं ऐका.)
६. घरी गेल्यावर रात्री-अपरात्री अडचण आली तर कोणत्या नंबरवर फोन करायचा?

हे प्रश्न विचारले म्हणून चांगले डॉक्टर रागावत नाहीत. उलट पेशंट आणि घरचे तयारीत आहेत, हे त्यांना कळतं.

सगळी काळजी घेऊनही गुंतागुंत होऊ शकते. तशी झाली म्हणजे कुणाची तरी चूकच झाली, असंही नसतं. पण हिमोग्लोबिन वाढवणं, तंबाखू सोडणं, ताकद कमावणं आणि धोक्याची खूण दिसताच फोन करणं, एवढं घरातल्यांच्या हातात नक्कीच आहे. ऑपरेशनची तारीख मिळाली असेल तर त्याची सुरुवात आजपासूनच करा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. उपचारांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्या.)